ऐंशी किलोमीटर आणि आईचा पेला

लेक लिफ्ट दुरुस्त करायच्या कामाला लागली तेव्हापासून आईने उंच इमारतीकडे कधी सरळ नजरेने पाहिलं नव्हतं. कुठलाही टॉवर दिसला की आधी त्याची गच्ची दिसायची, मग गच्चीवरची मशीनरूम, आणि त्या मशीनरूममध्ये ग्रीसने माखलेले हात घेऊन वाकलेली आपली मुलगी. इतक्या वर्षांत लेकीच्या नखालाही धक्का लागला नव्हता. पण काळजीला पुरावा लागत नाही. जागा मिळेल तिथे ती पथारी पसरते.

त्यामुळे एक दिवस जेवताना लेक म्हणाली, "आई, मी ऐंशी किलोमीटरच्या शर्यतीत नाव घातलंय," तेव्हा आईने घास तसाच धरून विचारलं, "गाडीने?"

"पायांनी."

"कोणाच्या?"

समोर बसलेल्या लेकीच्या धाकट्या भावाला ठसका लागला. तो लोकांना मोटार चालवायला शिकवायचा. शिकणारे त्याला मास्तर म्हणायचे म्हणून घरातही तेच नाव पडलं होतं. पाणी पिऊन सावरल्यावर तो म्हणाला, "ताई, लोकांना जिने चढायला लागू नयेत म्हणून तू दिवसभर राबतेस, आणि सुट्टीच्या दिवशी स्वतः डोंगर चढणार? डॉक्टरने सांगितलंय की कोणी पैज लावलीय?"

"कोणीच काही लावलेलं नाही. मला बघायचंय जमतं का."

हे खूळ जिन्यांनीच लावलं होतं. लिफ्ट बंद असली की ती दुरुस्त करणारीलाही वर पायीच जावं लागतं, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. खांद्यावर हत्यारांची पिशवी, वर मशीनरूम, तळाला लिफ्टचा खड्डा, आणि हवा असलेला पाना नेमका दुसऱ्या टोकाला. एका जुन्या टॉवरच्या लिफ्टने तिला असंच एकदा दिवसभर वरखाली नाचवलं. जोडीदार दर तीन मजल्यांनी कठड्याला टेकत होता आणि लिफ्ट बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. लेक मात्र शेवटच्या फेरीत गच्चीवर पोचली आणि तिला जाणवलं, की आपल्याला धाप लागलेली नाही. उलट बरं वाटतंय. त्या संध्याकाळी बस सोडून ती पळत घरी आली. दारात आईने तिचा लालबुंद चेहरा पाहून विचारलं होतं, "कोण मागे लागलं?"

मागे कोणी लागलं नव्हतं, पण त्या दिवसापासून लेक काही थांबली नाही. कामाचे कपडे पिशवीत घालून ती पळत जायची, पळत यायची. सुट्टीच्या दिवशी गावाबाहेरच्या टेकड्यांवर अर्धा अर्धा दिवस गायब व्हायची. पायाची दोन नखं काळी पडली, एक गळून गेलं. न्हाणीघराच्या खिडकीत मलमांच्या डब्या वाढल्या आणि दोरीवर मोज्यांची तोरणं लागली. आई दर तासाला फोन करायची. लेक धापा टाकत म्हणायची, "जिवंत आहे," आणि फोन ठेवायची.

या सगळ्यात आईला खरी भीती एकाच गोष्टीची होती. लेक नऊ वर्षांची असताना तिला मूतखडा झाला होता. एवढंसं पोर पोट धरून फरशीवर गडबडा लोळायचं, आणि आईच्या हातात नुसतं बघणं होतं. खडा पडला, दुखणं थांबलं. घरी सोडताना डॉक्टर एकच वाक्य बोलले, "हिला पाणी भरपूर पाजत जा." आईने ते वाक्य पदराला गाठ मारून ठेवलं आणि ती गाठ पुढे कधी सोडलीच नाही. दाराशेजारच्या फळीवर स्टीलचा एक उंच पेला आला. तो भरून प्यायल्याशिवाय घरातून कोणी बाहेर पडायचं नाही. लेक तर नाहीच, पण नवरा होता तोवर नवराही नाही. मास्तर वेगळं घर करून राहू लागला तरी भेटून जाताना त्याची सुटका नव्हती. एकदा वीजमीटर बघायला आलेला माणूससुद्धा काही न समजता पेला रिकामा करून गेला. लेकीने या पेल्यावरून कधी वाद घातला नव्हता. आईशी ती बाकी सगळ्या जगावरून भांडायची, पण पेला समोर आला की डोळे मिटून गटागटा प्यायची.

आता ही दिवसभर पळणार. घाम जाणार, अंगातलं पाणी आटणार, आणि तो मेला खडा पुन्हा उठणार. तपासण्या झाल्या, डॉक्टर म्हणाले मूत्रपिंडं ठणठणीत आहेत, खुशाल पळू दे. आईचं समाधान झालं नाही. तिने अट घातली, "पळायचं तर पळ. पण मी बरोबर येणार. प्रत्येक थांब्यावर मी उभी असणार."

"ये की," लेक म्हणाली. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

शर्यतीच्या दिवशी मास्तरने शिकवायची गाडी काढली. टपावर 'शिकाऊ चालक' अशी ठळक पाटी, आणि आत मास्तरच्या नेहमीच्या बैठकीसमोर एक जादा ब्रेक. त्या बैठकीवर आज आई बसली होती. पहिल्याच वळणावर समोरून ट्रक आला, आईने पाय दाबला, आणि गाडी रस्त्याच्या मधोमध गचकन थांबली.

"आई, तो खराखुरा ब्रेक आहे."

"मग काय खोटा दाबू?"

"पाय वर घेऊन बस. मांडी घाल."

लेक मागच्या बैठकीवर बुटाच्या नाड्या बांधत हसत होती.

शर्यत एका तळ्याच्या काठाने निघून डोंगरात चढायची आणि पलीकडच्या शेतांमधून फिरून पुन्हा तळ्याशी यायची. अंधार पडायच्या आत परतायचं, आणि वाटेतल्या प्रत्येक थांब्याचं दार ठरलेल्या वेळी बंद. निघण्याआधी सगळ्यांची वजनं झाली, प्रत्येकाच्या मनगटावरच्या पट्टीवर आकडा लिहिला गेला. आकाश ढगाळ होतं, हवेत गारवा होता. "पळायला झकास हवा," लोक एकमेकांना म्हणत होते. लेकीच्या पाठीवर पाण्याची पिशवी होती, तिची नळी खांद्यावरून तोंडाशी आलेली. आईने ती स्वतः काठोकाठ भरली.

"पुढच्या थांब्यावर ही रिकामी दिसली पाहिजे. मी बघणार आहे."

"बरं."

"बरं नाही. शपथ घे."

"आई, शिट्टी वाजतेय," असं म्हणून लेक गर्दीत मिसळली.

पहिल्या थांब्यावर ती पिशवी रिकामी करून आली. आईने घरून आणलेला पेला तिच्यापुढे धरला, तो तिने रिकामा केला, पिशवी पुन्हा भरली गेली आणि ती निघाली. बाकीचे धावणारे दोन घोट घेऊन पुढे पळत होते. आई मास्तरला म्हणाली, "बघ, यांच्या घरी सांगायला कोणी दिसत नाही."

दुसऱ्या थांब्यावर लेक उशिराने आली, पण पिशवी रिकामीच होती. तिने मनगटावरचं घड्याळ सैल केलं. खाली पट्ट्याचा खोल वळ उमटला होता. बोटं फुगलेली दिसत होती.

"डोकं जरा जड झालंय," ती म्हणाली. "आणि मळमळतंय."

"पाणी कमी पडलं असणार," आई म्हणाली, आणि पेला भरला. तो संपल्यावर अर्धा आणखी भरला. लेकीने तोही प्यायला. क्षणभर डोळे मिटून उभी राहिली आणि चालत निघाली. पुढच्या वळणापर्यंत ती पळताना दिसली नाही.

सरावाच्या दिवसांत असं कधीच झालं नव्हतं. तेव्हा लेक एकटी असायची. तहान लागली तर वाटेतल्या नळाला तोंड लावायची, नाही लागली तर नाही. पण हा हिशोब त्या वेळी कोणी मांडला नाही.

तिसरा थांबा डोंगरापलीकडे, एका मोठ्या तंबूत होता. अर्ध्याहून जास्त अंतर झालं होतं आणि इथे पुन्हा वजन होणार होतं. लेक काट्यावर उभी राहिली. काट्याजवळच्या मुलीने मनगटावरचा आकडा पाहिला, पुन्हा काट्याकडे पाहिलं.

"वाढलंय," ती म्हणाली.

आईचा चेहरा खुलला. वर्षभर लेक काडीसारखी होत चालली म्हणून तिचा जीव तुटत होता. "वाढलं? बरं झालं बाई."

"दिवसभर पळून वजन वाढवणारी आपल्या घराण्यात पहिलीच," मास्तर म्हणाला.

 काट्याजवळच्या मुलीने मान वळवून हाक मारली आणि तंबूच्या कोपऱ्यातून शर्यतीच्या डॉक्टरीणबाई आल्या. आडव्या बांध्याच्या, घाईत नसलेल्या. त्यांनी लेकीला खुर्चीत बसवलं, बोटं दाबून पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली.

"लघवीला कधी गेला होतात?"

"सकाळी. निघायच्या आधी."

"काम काय करता?"

"लिफ्टचं," लेक म्हणाली आणि थांबली. "लिफ्टचं ते... वर जाऊन..." शब्द शोधत तिने आईकडे पाहिलं.

 पंधरा वर्षं केलेलं काम हिला सांगता येईना.

"पाणी कोण देत होतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मी," आई म्हणाली. तिच्या हातात भरलेला पेला तयार होता. "कमी पडलं का हो? मी सारखी सांगत होते."

"कमी नाही, जास्त झालंय. गार हवा आहे, घाम फारसा नाही, आणि पळताना शरीर पाणी धरून ठेवतं. रक्तातलं मीठ पातळ झालंय. अजून ओतलं असतं तर झटके आले असते. यात माणसं गेलेली आहेत."

"पाण्याने?"

"पाण्याने."

आईने पेल्याकडे पाहिलं, मग खाली वाकून तो तंबूबाहेरच्या गवतात ओतला. मास्तरने तिच्या हातातून पेला घेतला आणि गाडीत टाकून आला.

डॉक्टरीणबाईंचा हुकूम साधा होता. एक थेंब पाणी नाही. खारट कढण, तेही घोट घोट. इथेच बसायचं. लघवी झाली, वजन उतरलं आणि डोकं ठिकाणावर आलं तर पुढे सोडेन. नाही झालं तर रुग्णवाहिका उभीच आहे. आणि या थांब्याचं दार बंद होण्याआधी झालं नाही, तर शर्यत इथेच संपली.

लेक खुर्चीत कढणाची वाटी धरून बसली. आई शेजारी उकिडवी बसली. धावणारे येत होते, वजन करून घेत होते, जात होते. आईला त्यांची तोंडं दिसत नव्हती. तिला फक्त लेकीची ती फुगलेली बोटं दिसत होती. ज्या दुखण्यापासून राखायला म्हणून सत्तावीस वर्षं पाणी पाजलं त्याच पाण्याने पोरीला इथे आणून बसवलं होतं. रडून चालणार नव्हतं. रडली असती तर लेकीलाच उठून तिची समजूत घालावी लागली असती.

वाटीतलं कढण अर्ध्यावर आलं. मग लेकीने मान वर केली आणि तंबूच्या छताकडे बघत राहिली.

"तो मधला खांब तिरका आहे," ती म्हणाली.

"काय?"

"खांब. ओळंब्यात नाही. त्या बाजूची दोरी ढिली सोडलीय. वारा आला तर सगळं डोक्यावर येईल."

मास्तरने वर पाहिलं. खांब खरोखरच तिरका होता. "ताई परत आली," तो म्हणाला, आणि दोरी घट्ट करायला बाहेर गेला. खांबाची त्याला फिकीर नव्हती. आपलं तोंड कोणी बघू नये एवढंच हवं होतं.

आईने लेकीच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुला कळलं नाही का गं, पुरे झालं ते? नको म्हणायचं होतंस."

"कळलं होतं. दुसऱ्या थांब्यालाच पोट डबडबलं होतं."

"मग कशाला प्यायलीस?"

"मी प्यायले की तू शांत होतेस."

"म्हणजे तू माझ्यासाठी पीत होतीस?"

"मग काय. तहान कुणाला होती?"

 लेक थोडं हसली. "लहानपणी पेला संपवला की तुझे खांदे खाली यायचे. मी तेच बघायचे. अजून बघते. आज दुसऱ्या थांब्याच्या वळणावरून दिसलीस ना, खांदे कानाला लागलेले होते."

"माझ्या खांद्यांचं मी बघेन," आई म्हणाली.  "यापुढे नको असेल तर नको म्हण. मी ओरडेन. ओरडू दे."

"बरं."

"बरं नाही. आत्ता म्हणून दाखव."

"नको," लेक म्हणाली. "हे कढण पण नको. फार खारट आहे."

"ते प्यावंच लागेल, ते डॉक्टरांचं आहे."

लेकीने तोंड वाकडं करून घोट घेतला. मग वाटी आईच्या हातात दिली आणि सावकाश उभी राहिली. "जाऊन येते."

तंबूमागे तात्पुरत्या संडासांची रांग होती. लेक एकात शिरली. बाहेर आई उभी, दोन पावलांवर मास्तर, त्याच्या मागे काट्याजवळची मुलगी. डॉक्टरीणबाईसुद्धा सहज फिरायला आल्यासारख्या तिथवर आल्या. देवळाबाहेर उभं राहावं तसे सगळे गप्प उभे होते.

न राहवून मास्तरने विचारलं, "ताई, झालं का?"

"तू बोलत राहिलास तर होणार नाही," आतून आवाज आला.

मास्तरने जीभ चावली. आणि मग आतून जो आवाज सुरू झाला तो काही केल्या थांबेना. सुरुवातीला काट्याजवळच्या मुलीने नम्रपणे दुसरीकडे पाहिलं. नंतर तिलाही हसू आवरेना. आईला त्या आवाजाहून गोड गाणं आयुष्यात ऐकल्याचं आठवत नव्हतं.

थोड्या वेळाने लेक पुन्हा एकदा गेली. मग काट्यावर चढली. आकडा खाली आला होता. डॉक्टरीणबाईंनी बोटं पाहिली, पुन्हा काम विचारलं. लेकीने मशीनरूमपासून खड्ड्यापर्यंत सगळी लिफ्ट उभी करून सांगितली, तेव्हा त्याच म्हणाल्या, "पुरे, पुरे. जा. दार बंद व्हायला आलंय. बरं वाटेनासं झालं तर जिथे असाल तिथे बसा." मग त्या आईकडे वळल्या. "पुढच्या थांब्यावर तुम्ही असणार?"

"असणार."

"तिने मागितलं तरच द्यायचं. आपण होऊन विचारायचं नाही."

"तहान लागलीय का, एवढंसुद्धा नाही?"

"एवढंसुद्धा नाही."

लेक निघाली. आधी चालत, मग हळूहळू पळत. गाडीत बसल्यावर आईने स्वतःच मांडी घातली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले.

"हे कशाला?" मास्तरने विचारलं.

"सवय करतेय."

चौथ्या थांब्यावर लेक शेवटच्या चार-पाच जणांत होती, पण पळत आली. मीठ लावलेला उकडलेला बटाटा खाताना ती आईकडे बघत होती. आई समोरच्या झाडाकडे बघत होती, त्या झाडावर जगातलं सगळ्यात महत्त्वाचं काही चाललं असावं अशी. मास्तर बुटाच्या टोकाने माती उकरत होता.

"आई, दोन घोट पाणी दे."

आईने बाटली दिली. लेकीने मोजून दोन घोट घेतले आणि बाटली परत केली. बाटली जवळजवळ भरलेलीच होती. आईच्या ओठांपर्यंत आलेलं वाक्य तिने दातांत धरलं आणि झाकण घट्ट लावलं.

"पाय कसे आहेत?" एवढंच तिने विचारलं.

"माझे नाहीत असं वाटतंय. कोणाचे आहेत ते शर्यत झाल्यावर बघू."

तंबूत गेलेला वेळ भरून काढणं सोपं नव्हतं. शेवटचा पट्टा शेतांमधून होता. संध्याकाळ उतरू लागली तशी मेजांवरचे कागदी पेले गोळा होऊ लागले, पताका उतरवायला माणसं येऊन उभी राहिली. आई तळ्याच्या काठी कमानीखाली उभी होती. लेक पोचते की नाही, हे आता तिच्या लेखी दुय्यम होतं असं ती मास्तरला दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणताना ती चवड्यांवर उभी होती आणि मान लांब करून रस्त्याच्या वळणाकडे बघत होती.

वळणावर एक दिवा दिसला, मग माणूस. पांढऱ्या दाढीचे कोणी गृहस्थ होते. त्यांच्या मागे थोडं अंतर सोडून, एक खांदा झुकलेला, हत्यारांची पिशवी नसूनही ती असल्यासारखा. ती चाल आईने इतकी वर्षं खिडकीतून पाहिली होती.

"आली," ती म्हणाली.

"ताई, ओढ," मास्तर ओरडला. "क्लच सोड आता."

लेक कमानीखालून आली तेव्हा घड्याळात थोडाच वेळ उरला होता. तिच्यामागे आणखी दोघे आले आणि मग पताका उतरल्या. डॉक्टरीणबाई तिथेही हजर होत्या. वजन झालं. सकाळच्या आकड्याहून किंचित कमी. बोटं नेहमीसारखी झाली होती. "उत्तम," त्या म्हणाल्या. "आता भूक लागेल ते खा, तहान लागेल तेवढं प्या, आणि झोपा."

लेक आईजवळ आली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मिठी मारायची या घराला फारशी सवय नव्हती. लेकीने मातीचा हात आईच्या खांद्यावर ठेवला, दाबला, आणि म्हणाली, "खाली आलेत."

"कोण?"

"खांदे."

 आई शेजारच्या बाकावर मटकन बसली आणि तिला एकदम आठवलं, की सकाळपासून आपल्या पोटात चहाशिवाय काही गेलेलं नाही. भूक अशी कडकडून लागली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. मास्तर पळत जाऊन सूप, पाव आणि बटाट्यांचं ताट घेऊन आला. आईने ते बघता बघता संपवलं. मग स्वतः उठून दुसरं आणायला गेली.

वाढणारी बाई म्हणाली, "आजी, हे धावणाऱ्यांसाठी आहे. तुमचा नंबर?"

"वाढा तिला," मागून लेक म्हणाली. "माझ्या वाटचं धरा. मला एवढ्यात जाणार नाही."

ताट घेऊन आई बाकावर परतली. लेक तिला टेकून बसली आणि दोन वाक्यांच्या मधेच तिला झोप लागली. तोंड उघडं, घोरणं सुरू. मास्तर म्हणाला, "उठवू? गाडीत झोपेल."

"राहू दे," आई म्हणाली. लेकीचं डोकं ज्या हातावर होतं तो हात तिने हलवला नाही. उरलेल्या हाताने तिने पाव सुपात बुडवला आणि सावकाश खात राहिली.